काटेसाहेबांची शेगडी

माझ्या धाकट्या भावाला सगळी गल्ली काटेसाहेब म्हणते. त्यातला 'साहेब' त्यानं स्वतःच लावून घेतलाय. कुणी नुसतं काटेवाला म्हटलं की त्याचं नाक फुगतं. आणि आहे कोण हा? शहराबाहेर ट्रकांचा वजनकाटा आहे, तिथल्या खिडकीत बसणारा कारकून. भरलेला ट्रक काट्यावर येतो, हा आकडा लिहितो. तोच ट्रक माल उतरवून रिकामा परत येतो, हा पुन्हा आकडा लिहितो. भरलेल्यातून रिकामा वजा केला की माल किती ते कळतं. एवढी एक वजाबाकी करून माणूस आयुष्यभर पगार घेतोय. घेईना का, माझं काय जातंय! पण त्याला वाटतं, जगातली प्रत्येक गोष्ट याच वजाबाकीत बसते आणि जी बसत नाही ती खोटी.

घरात तर विचारूच नका. दुकानातून आणलेली साखर घरी आल्यावर परत तोलायची. अंगाचा साबण झिजला किती, ते तोलायचं. माझी मुलगी झाली तेव्हा हा मामा म्हणून बघायला आला तो पिशवीत तराजू घेऊन. दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलेलं वजन त्याला पटलं नव्हतं. मी बाळंतपणातून नुकती उठलेली, म्हणून वाचला. नाहीतर तो तराजू त्याच्याच टाळक्यात घालणार होते. त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, हे सगळं वर्षानुवर्षं मुकाट्यानं सोसते. माझ्याकडे आली की बोलते भरभरून, पण नवऱ्यापुढे तिच्या तोंडाला कुलूप. बोलून करणार काय? बोलणं तराजूत घालता येत नाही ना!

आमची आई या दोघांकडे राहते. मागच्या खोलीत तिचा पलंग. तिची छाती मुळातच नाजूक. यंदा थंडी सुरू व्हायच्या आधी डॉक्टरीणबाई घरी येऊन तिला तपासून गेल्या. आम्हा दोघा भावंडांना त्यांनी बाहेरच्या खोलीत घेतलं आणि दार लोटून सांगितलं, "औषध देते मी, पण खरं औषध म्हणजे कोरडी ऊब. दिवसभर खोली उबदार राहायला हवी. ही थंडी त्यांना गारठ्यात काढावी लागली, तर पुढची थंडी त्या बघतील असं मी म्हणू शकत नाही." इतकं सरळ सांगितलं. मी तिला माझ्याकडे नेलं असतं, पण माझी लाँड्री. खाली कपडे उकळायचे बंब, वर आमची राहायची खोली. दिवसभर वाफ. भिंतींना पाणी सुटतं. आईला एकदा आठवडाभर ठेवून बघितलं होतं, तेवढ्यात तिचा श्वास शिट्टी वाजवायला लागला. तेव्हा तिला ऊब मिळणार ती भावाच्या घरातल्या लोखंडी शेगडीचीच. दुसरा मार्ग नव्हता.

आता दुसरा कुणीही असता तर काय केलं असतं? चार पोती कोळसा जास्त आणून टाकला असता आणि मोकळा झाला असता. पण आमचे काटेसाहेब! त्यांच्या काट्यावर एक ट्रक ड्रायव्हर सहज बोलून गेला की घरातल्या शेगडीची अर्धी उष्णता धुराड्यातून आभाळात जाते. झालं! ते ऐकल्यापासून याला अन्न गोड लागेना. अर्धी उष्णता! आपल्या पैशानं आपण आभाळ तापवतोय! आईच्या छातीचं त्याला इतकं लागलं होतं की नाही देव जाणे, पण आभाळ फुकटात शेकतंय हे त्याच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्याच दिवशी समोरच्या खोलीतल्या भिंतीवर फळा टांगला गेला. लोकांच्या घरात तिथं फोटो असतात, आरसा असतो. इथं शाळेतला असावा तसा काळा फळा आणि त्यावर रकाने. सकाळी आत गेलेला कोळसा, संध्याकाळी बाहेर आलेली राख, थर्मामीटरचा आकडा आणि शेवटी शेरा. शेरा! सरकारी कचेरीत असतो तसा. सकाळी कामावर जाताना दिवसभराचा कोळसा तोलून बादलीत काढून ठेवायचा. संध्याकाळी आल्यावर पायातले बूटही न काढता राख तोलायची. घरात पाहुणा आला की आधी फळ्यासमोर उभा. चहा नंतर. पाहुण्यांना काय कळणार त्यातलं? ते आपले "वा, वा" म्हणायचे आणि त्या "वा, वा"नं याला आणखी चढायची.

सुरुवातीला त्यानं जे केलं, त्याला मी नावं ठेवणार नाही. कोळशाशी माझाही रोजचा संबंध आहे, मला कळतं. धुराडं उतरवून त्यानं आतली काजळी खरवडली, दोन घमेली भरून निघाली. शेगडीच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढून बघितली. ती सहज निसटली, म्हणजे दार नीट बसत नव्हतं, फटीतून नको तिथून वारा आत जात होता. मग दाराच्या कडेनं न जळणारा जाड दोर बसवला. शेगडीच्या दोन्ही बाजूंना भट्टीच्या विटा रचल्या, त्या एकदा तापल्या की तासन्‌तास ऊब धरून ठेवतात. एवढ्यानं कोळसा खरोखर कमी लागायला लागला आणि घरही छान तापायला लागलं. तिथं थांबला असता तर मीच त्याची पाठ थोपटली असती. पण थांबेल तो माझा भाऊ कसला!

फळ्यावरचा आकडा खाली आला आणि त्याला चटक लागली. जुगाऱ्याला लागते तशीच. रोज आकडा कालच्यापेक्षा खाली यायलाच हवा. मग त्यानं शेगडीच्या जाळीवर दोन्ही कडांना लोखंडी पत्रे टाकले, म्हणजे जाळ पेटायला जागाच कमी. धुराड्याची झडप जवळजवळ बंद करून टाकली, म्हणजे उष्णता पळून जायला नको. खालच्या राखेच्या खणाचं दार, जिथून कोळशाला वारा मिळतो, ते बोटभर उघडं. अहो, कोळशाला श्वास लागतो! खालून वारा मिळाला नाही तर तो जळत नाही, नुसता कुढत बसतो. धूर जास्त, धग कमी. शेगडीच्या दाराची काच काळीठिक्कर पडली. आत जाळ आहे की नाही ते वाकून बघावं लागायचं. मी म्हटलं, "अरे, काच काळी झाली म्हणजे कोळसा नीट जळत नाहीये, एवढंही कळत नाही का तुला?" तर म्हणतो, "ताई, तुझं सगळं अंदाजपंचे असतं. आकडे बघ." आणि फळ्याकडे बोट.

थर्मामीटर कुठं टांगलाय, तेही सांगते. शेगडीच्या बरोबर वर, त्याच्या स्वतःच्या छातीइतक्या उंचीवर. तिथं तो कायम मजेत असायचा. आणि आईचा पलंग कुठं? मागच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला लागून. मी म्हटलं, "तो थर्मामीटर आईच्या उशाशी लाव." त्यावर हा माझ्याकडे असा बघतो, जसं काही मी भरलेला ट्रक सोडून ड्रायव्हरला काट्यावर चढवायला सांगितलं. "उष्णता तयार होते इथं. मग मोजायची कुठं? जिथं तयार होते तिथंच ना?" मी हात टेकले.

त्यानंतरचा पराक्रम म्हणजे खिडक्या. सगळ्या फटींत त्यानं जाड कापडाच्या पट्ट्या ठोकल्या. वाऱ्याला म्हणे प्रवेश बंद. एका सकाळी मी गेले तर भावजय डोकं धरून बसलेली, आईला मळमळतंय आणि घरात धुमसत्या कोळशाचा जड वास. मी खिडकीच्या पट्ट्या टराटरा फाडल्या आणि सगळी दारं सताड उघडली. आमच्या धंद्यात बंद खोलीत कोळसा धुमसत ठेवून झोपी गेलेली आणि सकाळी न उठलेली माणसं मला माहीत आहेत. संध्याकाळी हा आला, तेव्हा मी त्याला दारातच गाठलं. इतकं बोलले की शेजारची माणसं ओट्यावर येऊन उभी राहिली. "मारायचंय का रे सगळ्यांना? एक खिडकी कायम उघडी राहील आणि झडपही उघडी राहील, नाहीतर आत्ताच्या आत्ता आईला उचलून नेते!" त्यानं खिडकी तेवढी बोटभर उघडी ठेवली. झडप थोडी सैल केली. आणि फळ्यावर शेरा काय लिहिला? 'ताईच्या हट्टामुळे उष्णतेची गळती.' वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

थंडी वाढली तशी आई आक्रसत चालली. मी जायची तेव्हा ती पलंगावर, अंगात दोन स्वेटर आणि वरून याचाच जुना कामावरचा कोट. खोकला तर थांबतच नव्हता. विचारलं की म्हणायची, "ठीक आहे गं. तो इतकं करतोय माझ्यासाठी." मी दात-ओठ खात घरी परतायची. बंबाखाली कोळसा घालताना मनात यायचं, लोकांच्या चादरी उकळायला इतकी धग आणि माझ्या आईला नाही. रडू यायचं, खरंच सांगते. वाफेत कुणाला कळत नसे, म्हणून बरं.

आणि मग एक दिवस गेले तर काय! घर उबदार. नुसतं शेगडीपाशी नव्हे, मागच्या खोलीतसुद्धा. आई पलंगावर टेकून बसलेली, कोट काढून ठेवलेला, गालांवर थोडा रंग. मला कळेचना. दुसऱ्या दिवशी गेले, तरी तसंच. आठवडाभर तसंच. खोकला उतरला. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, त्या म्हणाल्या, "छान! हेच चालू ठेवा." फळ्यावर बघते तर कोळशाचा आकडा आजवरचा सगळ्यात खाली. काटेसाहेबांची छाती मात्र फुगून दारात मावेना. रविवारी तेवढं घर गार पडायचं आणि आई पुन्हा खोकायची. त्याचंही उत्तर त्याच्याकडे तयार. फळ्यावर शेरा, 'सुट्टी. दाराची उघडझाप अधिक.'

मला वाटलं, आपण उगीच तोंडसुख घेतलं की काय? पण आतून पटत नव्हतं. इतक्याशा कोळशात ते घर तापणं शक्यच नव्हतं. माझं अर्धं आयुष्य कोळशापुढे गेलंय. भावजयीला विचारलं, तर ती मान खाली घालून म्हणाली, "विटा चांगल्या तापतात, वन्सं." आणि लगेच, "तुमच्याकडे शिवायचं आणखी काही आहे का? उसवलेलं, फाटकं?" ती माझ्या लाँड्रीतले कपडे दुरुस्त करून देते, फार सुबक हात आहे तिचा. या थंडीत तिनं दुप्पट काम मागून नेलं होतं. मला वाटलं, घरात बसून कंटाळत असेल. असल्या नवऱ्याबरोबर कोण कंटाळणार नाही?

यश मिळाल्यावर माणूस गप्प बसेल, तर तो काटेसाहेब कसला! त्यानं गल्लीला शिकवायला घेतलं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात जाऊन त्याच्या शेगडीत पत्रे बसवले, झडप आवळली, "आता बघ" म्हणून निघून आला. न्हाव्यानं बिचाऱ्यानं बघितलं. गिऱ्हाईकाच्या गालावरचा फेस थिजायला लागला आणि त्याची बोटं इतकी काकडली की एकाच्या कानाला वस्तरा लागला. तो तक्रार घेऊन आला, तर हा म्हणतो, "तू राख तोलत नसशील." पुढे न्हावी काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. समोरच्या निवृत्त मास्तरीणबाईंच्या घरीही तेच. त्यांनी तिसऱ्या दिवशी पत्रे काढून रस्त्यात फेकले. गल्लीत कुणाचंच घर तापेना, याचंच कसं तापतं? एवढा साधा प्रश्न या महाशयांना पडला नाही. त्याला वाटलं, जगाला मोजता येत नाही.

पण राख! राखेनं घोटाळा केला. कोळसा कमी होत चालला आणि राख वाढत चालली. आता तुम्हीच सांगा, साध्या माणसाला काय वाटेल? राख जास्त म्हणजे कोळसा जास्त जळला. कुणीतरी जास्त घालतंय. घरात माणसं तीन. एक हा, एक पलंगाला खिळलेली आई आणि एक बायको. विचार करायला मिनिट लागत नाही. पण काट्याच्या खिडकीत बसलेल्या माणसाला वेगळी सवय. आत गेलेल्या मालाचा आकडा त्यानं स्वतः लिहिलेला असतो, त्यामुळे तो चुकूच शकत नाही. मग उरलं काय? माल खोटा. ट्रकवाले करतात तशी भेसळ. वखारवाला कोळशात दगड आणि माती मिसळून देतोय! हा शोध लागला त्या दिवशी त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. इतका आनंद तर त्याला लग्नातही झाला नसेल.

रविवारी सकाळी मी बंबांसाठी कोळसा भरायला हातगाडी घेऊन वखारीत गेले होते. सुट्टीचा दिवस, रांग मोठी. न्हावी होता, मास्तरीणबाई होत्या, आणखी पाचपंचवीस माणसं. वखारवाला म्हणजे दरवाजाएवढा माणूस, पण आवाज एकदम मऊ. तराजूवर पोती चढवत, ज्याला त्याला "सावकाश न्या हो" म्हणत होता. तेवढ्यात आमची स्वारी आली. बगलेत फळा! घरच्या भिंतीवरून काढून आणलेला. मागून भावजय, दोन्ही हातांनी राखेची बादली धरून. तिचा चेहरा त्या राखेपेक्षा पांढरा.

"लोकहो, जरा इकडे लक्ष द्या!" हा ओरडला. मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. त्यानं फळा पोत्यांना टेकवून उभा केला आणि रकान्यावर रकाना वाचून दाखवला. "कोळसा घटतोय, राख वाढतेय. याचा अर्थ काय? हा माणूस आपल्याला माती विकतोय!"

"साहेब, माझा माल चोख आहे," वखारवाला म्हणाला. "हवं तर इथंच जाळून बघा."

"बघणारच आहे!" हा गरजला. त्यानं स्वतःच्या हातानं ढिगाच्या मधून कोळसा उपसला, तोलला, वखारीतल्या शेगडीत घातला. तो जळेपर्यंत रांगेतल्या सगळ्यांना त्याचं भाषण ऐकावं लागलं. निघून जाता येईना, कारण कोळसा मिळाल्याशिवाय घरी जाऊन करायचं काय? मग राख काढून तोलली. इतकीशी! ओंजळभरही नाही. दुसरा कुणी असता तर तिथंच वरमला असता. हा आणखी चेकाळला. "म्हणजे दाखवायला चांगला माल आणि मला द्यायला वेगळा!"

वखारवाल्यानं एकदा भावजयीकडे बघितलं. मला ते दिसलं. तिनंही त्याच्याकडे बघितलं. मग त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "असेल, साहेब. एखादी गाडी खराब आली असेल. माफ करा. तुम्हाला दुसरा भरून देतो."

झालं, रांगेत कुजबुज सुरू. मास्तरीणबाईंनी भरलेली पिशवी खाली ठेवली. "आम्हालाही तोच दिलास की काय रे?" मागून कुणी म्हणालं, "तरीच आमच्याकडे धूर फार होतो." दोघांनी पोती तराजूवरून उतरवली. तो एवढा मोठा माणूस नुसता उभा, काळे हात पंच्यानं पुसत.

"त्यांचा माल चांगला आहे," भावजय म्हणाली. इतक्या हळू की पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेलं नाही. मग तिनं बादली खाली ठेवली आणि मोठ्यानं म्हणाली, "त्यांना काही बोलू नका. ती राख माझी आहे!"

"तुझी म्हणजे?" भावानं विचारलं.

"मी जाळलेल्या कोळशाची. तुम्ही कामावर गेलात की मी पत्रे काढते, झडप उघडते आणि माझा कोळसा घालते. चांगला रसरशीत पेटवते. तुम्ही यायच्या आधी पत्रे परत बसवते. विटा तापलेल्या असतात, भिंती तापलेल्या असतात, मग तुमचा कोळसा पुरतो." तिचा श्वास लागला होता. "वन्संच्या दुकानातलं शिवून जे मिळतं, त्यातून कोळसा या वखारवाल्यांकडूनच घेते. मीच यांना सांगितलं होतं, कुणाला बोलू नका म्हणून."

"घरात ठेवतेस कुठं?"

"आईंच्या पलंगाखाली."

ऐकलंत ना? पलंगाखाली! अर्धी थंडी त्याच्या आईच्या पलंगाखाली कोळशाचं पोतं होतं, आणि हा रोज दारातून "कशी आहेस" विचारून फळ्याकडे वळत होता. एकदा जरी तिच्यापाशी बसला असता, खाली पडलेला चष्मा उचलायला वाकला असता, तरी दिसलं असतं. न्हावी पहिला हसला. मग सगळी वखार हसली. मीही हसले, का नाही हसायचं? इतक्या दिवसांचं साचलं होतं.

आणि हे महाशय! बायकोला काय विचारावं यानं? आईला किती थंडी वाजत होती? तू किती कष्ट केलेस? छे! खडू हातात तसाच, आणि विचारतो काय, "रोज किती घालायचीस?"

"मोजला नाही."

"मोजला नाही?"

"अहो, आईंचे हात गार लागले की घालायचा. त्याचं वजन काय करायचं?"

आता हसणं थांबलं. वखारवाला पुढे झाला, म्हणाला, "साहेब, चहा घ्या थोडा." हा वळला आणि चालायला लागला. कोट उघडा, मफलर एका बाजूनं लोंबतोय. भावजयीनं वखारवाल्याला हात जोडले आणि ती नवऱ्याच्या मागे धावली. मी हातगाडी तिथंच सोडून त्या दोघांच्या मागे. याला आज पुरता धुऊन काढायचा, असं ठरवूनच निघाले होते. रस्ताभर वाक्यं जुळवत होते.

घरात गेले तर रविवार, म्हणजे घर गार. शेगडीत त्याचा तो तोललेला कोळसा कुढत पडलेला. भावजय कोट न काढताच शेगडीपुढे बसली आणि पत्रे ओढून काढायला लागली. या वेळी नवऱ्यादेखत. तो थेट मागच्या खोलीत गेला, मी त्याच्या पाठोपाठ. आई कोटात गुरफटून पडली होती. खोकल्याची उबळ येऊन गेली असावी, डोळ्यांत पाणी होतं. आम्हा दोघांना असं आत घुसलेलं बघून ती घाबरली. "काय झालं रे?"

तो गुडघे टेकून खाली बसला, पलंगाखाली हात घालून पोतं ओढलं. ते अडकलं होतं. जोर लावायला म्हणून त्यानं दुसरा हात आईच्या उशाजवळच्या भिंतीवर टेकवला आणि तो हात तिथंच राहिला. मग पोतं सोडून त्यानं दुसराही हात भिंतीला लावला. वर, खाली, आईच्या पाठीशी येते तिथपर्यंत चाचपत गेला.

"भिंत गार आहे," तो म्हणाला. जसं काही जगात ही गोष्ट पहिल्यांदा त्यालाच कळली होती. "आई, भिंत किती गार आहे! तू मला सांगितलं का नाहीस?"

आईनं कोटातून हात काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. तिला त्याचा राग नव्हता. लहानपणी त्याचं काही हरवलं की समजावायची, त्याच आवाजात ती म्हणाली, "सांगितलं होतं रे बाळा. तू पत्रे घातलेस, त्याच दिवशी सांगितलं. तू बाहेर जाऊन थर्मामीटर बघून आलास, आणि म्हणालास, नाही, थंडी नाहीये."